तिकडचं सरकार बदललं तेव्हा

केडगाव, ता. दौंड
रविवार, २७ जुलै २०२५

प्रिय राहेलताई,

प्रभूच्या नावात सलाम. आम्ही बरे आहोत. तुझा गुडघा कसा आहे? मम्मीची साखर आटोक्यात आहे. चर्चचे पत्रे बदलले, त्यामुळे आज उपासनेत बादल्या ठेवाव्या लागल्या नाहीत. फोनवर मम्मी शेजारी येऊन बसते, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतो आहे.

तिकडच्या, लंडनच्या बातम्या मी समजेपर्यंत वाचतो. या मंगळवारपासून परदेशातून म्हाताऱ्यांची देखभाल करायला नवीन केअरवाल्या घेणं बंद झालं. तू आधीची आहेस, म्हणून तुला अडचण नाही असं मी समजतो. तरी मॅनेजरला विचारून घे. घरच्यांना बोलावता येत नाही, हा जुन्या सरकारचा नियम मात्र नव्यानेही तसाच ठेवला आहे. तो बदलेल, असं मी आता दाजींना सांगत नाही.

गेल्या जुलैत तिकडच्या निवडणुकीचा निकाल लागला त्या दिवशी सत्यवानदाजींनी आणलेले पेढे तुला व्हिडिओवर दिसले. नंतरचं बोलणं तू ऐकलं नाहीस. पोपटरावमामा ओट्यावर बसले होते. माजी सरपंच, म्हणून आम्ही त्यांनाच विचारलं.

"चौदा वर्सं एकच पक्ष? रामाचा वनवास झाला की," मामा म्हणाले.

"पक्ष एक, पण प्रधानमंत्री पाच झाले," मी म्हणालो.

"म्हंजी गाडी तीच, डायवर बदलत व्हते. आता गाडीच बदलली. आपल्याकडं नवं सरकार आलं की काय करतं? पयली जुन्याच्या कामाला स्थगिती. आठ दिसांत तुमचा नियम उडतोय बघा, सत्यवान."

मम्मी म्हणाली, "तुमी सरपंच झाला तवा जुन्याची गटार थांबवली. ती अजून तशीच हाय."

सगळे हसले, दाजी सोडून. त्यांनी ते खरं धरलं. मीही धरलं. आपल्याला दुसऱ्या तऱ्हेचं सरकार माहीत नाही, ताई.

त्याच महिन्यात कंपनी दाजींना कायम करत होती. ते नको म्हणाले. सहा महिन्यांत जायचंय, तर ती जागा दुसऱ्याला मिळू दे म्हणाले. आणि तुझ्या इवाचं पहिलीत नाव घालायचं राहिलं होतं, तेही घातलं नाही, कारण तिकडे गेल्यावर पुन्हा पहिल्यापासूनच शिकायचं. तू शाळेचं विचारायचीस तेव्हा दाजी "चाललंय" म्हणायचे. मी घरी बाराखडी आणि पाढे घेत होतो.

या जूनमध्ये दाजी तिला घेऊन शिरूरला त्यांच्या आईकडे राहायला गेले. व्हिडिओत मागे दिसतो तो निळा पडदा तिथला आहे. शाळेत नाव घातलं, पहिलीतच. वर्गात ती सगळ्यांत उंच आहे.

नाव घालायला मीही गेलो होतो. बाईंनी विचारलं, "आई कुठं असते गं?"

"लंडनकडं. सरकार बदललं की मी जानार हाय."

"कुठलं गं सरकार?"

इवाने दाजींकडे पाहिलं. दाजींनी कागदांची पिशवी उघडली आणि तशीच बंद केली.

स्टँडवर ते मला म्हणाले, "मला तिकडच्या बातम्या आता सांगू नको. तुझ्या ताईला विचार, येनार हाय का ऱ्हानार हाय. मला विचारवत न्हाई. ती रडली तर मी ये म्हनेन, आन् तिला जलमभर वाटंल, नवऱ्यानं मागं वढलं."

म्हणून मी विचारतो आहे. तिथे कायमचं राहायला पाचऐवजी दहा वर्षं लागतील, असं घाटतंय. अजून ठरलेलं नाही, पण तू दहा धरूनच विचार कर. तेव्हा इवा दहावीत असेल.

राहिलीस तरी आम्ही तुला नावं ठेवणार नाही. आलीस तरी नाही. पण या वेळी इवाला पुढच्या निवडणुकीच्या भरवशावर ठेवू नकोस. हो किंवा नाही, ते तुझ्या तोंडून तिला कळू दे.

जे ठरवशील ते मम्मीला मी सांगेन.

तुझा भाऊ,
इमॅन्युएल