बत्तीस सेकंदांची तालीम

बुधवार, २७ नोव्हेंबर २००२

पोचलो एकदाचा. ॲडलेडपासून पावणेआठशे किलोमीटर गाडी हाकली. काचेवर माश्यांचा असा थर बसलाय की खरवडूनच काढावा लागेल. तरी आज मी खुशीत आहे. हॅलर्स लँडिंग म्हणजे गहू साठवायचा एक सायलो, एक पब, एक जेटी आणि कालवांची शेती करणाऱ्यांच्या पाच-सहा होड्या. बाकी सगळं आकाश. ग्रहणाचे फोटो काढायला मला तेवढंच हवं होतं.

इल्मा झर्नर या बाईंकडे मागची खोली आणि पश्चिमेचा व्हरांडा भाड्याने मिळालाय. वय सत्तरीचं, नवरा मच्छीमार होता, तो गेल्यापासून एकट्याच राहतात. आल्या आल्या मला अरे-तुरे करायला लागल्या. तळलेले मासे आणि उकडलेले बटाटे वाढता वाढता त्यांनी विचारलं, ग्रहण किती वेळ दिसणार? खग्रास म्हणाल तर बत्तीस सेकंद, मी म्हटलं. बाईंनी चमचा खाली ठेवला.

"बत्तीस सेकंदांसाठी इतक्या लांब तडमडलास? माझा नवरा रात्र रात्र समुद्रात असायचा, पण निदान येताना खायला तरी काही आणायचा."

बऱ्याच दिवसांनी मनापासून हसलो.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

दिवसभर मांडामांड केली. इथला वारा माणसाला उडवून नेईल असा आहे, म्हणून कॅमेऱ्याच्या तिकाटण्याचे तिन्ही पाय वाळूच्या बादल्यांत पुरले. हजार मिलिमीटरची लेन्स, तिच्या तोंडावर काळा फिल्टर. ग्रहण चार तारखेला, संध्याकाळी सात चाळीसला. सूर्य तेव्हा समुद्रावर जेमतेम वीतभर असेल. म्हणून रोज सात चाळीसलाच तालीम करायची.

तालमीसाठी टेप केली. आमच्या धंद्यातले सगळे जाणते लोक करतात. त्या बत्तीस सेकंदांत माणूस वेडा होतो, घड्याळाकडे बघायचं सुचत नाही. म्हणून आपल्याच आवाजात आधी सगळं बोलून ठेवायचं: आता फिल्टर काढ, आता एक फोटो टिप, आता शटरचा वेग बदल, आणि तिसाव्या सेकंदाला फिल्टर लाव. टेप सांगेल तसे हात चालवायचे, डोकं वापरायचं नाही. सूर्याची कडा पुन्हा उघडते तेव्हा फिल्टर नसेल आणि डोळा लेन्सला असेल, तर संपलं. दुखत नाही, कळतसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी कळतं.

कोरलीचं तेच झालं. माझी बायको. शहात्तर सालचं ग्रहण, व्हिक्टोरियातलं. मी मोजत होतो, कॅमेऱ्याला ती होती. तिने माझं ऐकलं नाही. गेली सव्वीस वर्षं लोकांना हे सांगून सांगून माझी जीभ झिजली.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

आजची तालीम छान झाली. फक्त "फिल्टर लाव" एक सेकंद उशिरा आलं. बॅटऱ्या जुन्या असतील. दुकानातून नव्या आणल्या. दुकानदाराने विचारलं, त्या दिवशी ढग आले तर काय करणार? मी म्हटलं, रडणार. तो म्हणाला, मग रुमाल पण घेऊन जा, सोमवारनंतर ढगच सांगितलेत.

शनिवार, ३० नोव्हेंबर

नव्या बॅटऱ्या घातल्या तरी दोन सेकंद उशीर. स्टॉपवॉच लावून तीनदा मोजलं. गंमत म्हणजे बाकीच्या सगळ्या सूचना जागच्या जागी, काट्यावर. फक्त शेवटचीच मागे सरकते.

स्वयंपाकघरात बसून नवी कॅसेट भरली. इल्माबाई पलीकडे मेंढीचे चॉप्स भाजत होत्या. जेवताना म्हणाल्या, तुझ्या टेपवरची बाई कोण? आवाज गोड आहे, अगदी शांत.

टेपवर मी एकटाच आहे, मी सांगितलं. त्यांनी खांदे उडवले आणि मला अजून एक चॉप वाढला.

रविवार, १ डिसेंबर

मुद्दाम त्यांना शेजारी बसवून टेप लावली. मला माझा आवाज ऐकू आला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. शेवटची सूचना चार सेकंद उशिरा. इल्माबाई मान कलती करून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, तुझी सूचना वेळेवर येते की, पण तिच्यावर ती बाई बोलते. 'अजून नको, बघ,' असं म्हणते.

मी त्यांच्यावर ओरडलो. उगाच ओरडलो. घर त्यांचं, वय त्यांचं. माफी मागितली. त्या म्हणाल्या, एकटं राहून मलाही काय काय ऐकू येतं, मनावर घेऊ नकोस. पण माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं त्यांनी, तशा नजरेने माणूस आजाऱ्याकडे बघतो.

त्या ग्रहणानंतर कोरली कुणाकडेच सरळ बघायची नाही. नजरेच्या मधोमध भोक पडलेलं, म्हणून हनुवटी वळवून डोळ्याच्या कडेने बघायची. चहा देताना, भांडताना, माझ्या फोटोला बक्षीस मिळालं त्या समारंभातसुद्धा. लोकांना वाटायचं, बाई तुसडी आहे. मी कधी सांगितलं नाही की ती तुसडी नाही म्हणून. मला ती नजर सहन व्हायची नाही, मग मी रात्री स्टुडिओतच झोपायला लागलो. तीन वर्षांपूर्वी ती गेली.

सोमवार, २ डिसेंबर

सहा सेकंद.

सहा सेकंदांत काय होतं ते मला माहीत आहे. जेटीवर जाऊन कॅसेटची फीत ओढून काढली आणि पाण्यात टाकली. दोघं तिघं मासे धरत होते, ते बघत राहिले. बघोत.

आता टेप नाही. स्टॉपवॉच इल्माबाईंच्या हातात देणार. तिसाव्या सेकंदाला त्यांनी पातेल्यावर पळी हाणायची आणि "फिल्टर लाव" म्हणून ओरडायचं. संध्याकाळी चार वेळा तालीम केली. बाई चारही वेळा बरोबर. म्हणाल्या, नवरा जेवायला यायचा नाही तेव्हा याच पातेल्यावर हाणायचे, तीन मैलांवर ऐकू जायचं.

जिवात जीव आला.

मंगळवार, ३ डिसेंबर

ढग. वारा. तालीम नाही.

टेपरेकॉर्डर रिकामा आहे, झाकण उघडं आहे. सात चाळीसला आतून खर्रर्र आवाज आला. मग माझा आवाज. फिल्टर काढ. एक टिप. वेग बदल. आणि शेवटी काहीच नाही. नुसता श्वास. बाईचा.

लिहून टाकतो. कुणी वाचणार नाही.

कोरलीने ऐकलं नाही, हे खोटं आहे. तिने ऐकलं, शेवटपर्यंत ऐकलं. स्टॉपवॉच माझ्या हातात होतं. वेळ झाली होती. पण सूर्याची कडा उघडताना हिऱ्याची अंगठी दिसते, आणि मला तो फोटो हवा होता. ती म्हणाली, क्लाइव, लावू का? मी म्हणालो, अजून नको, बघ. ती बघत राहिली. माझ्यावर भरवसा होता तिचा. तिचा डावा डोळा लहानपणापासूनच अधू होता, ते मला माहीत होतं. एकच चांगला डोळा होता तिच्याकडे.

फोटो अप्रतिम आला. आणि मी घरी येऊन तिच्या आईला सांगितलं की तिने घाई केली. कोरली शेजारच्या खुर्चीत बसली होती. काही बोलली नाही. एकदाही बोलली नाही ती, तेवीस वर्षं.

बुधवार, ४ डिसेंबर, दुपार

ढग आहेत. मनातल्या मनात म्हणतोय, राहू देत. मग फोटो नाही आणि काहीच नाही. उद्या गाडी काढायची आणि घरी.

साडेसहा — पश्चिम मोकळी झाली. सगळं गाव जेटीवर टाळ्या वाजवतंय. इल्माबाई पातेलं घेऊन तयार.

सव्वाआठ — झालं. छत्तीसच्या छत्तीस फोटो मिळाले. काळी चकती, भोवती पांढरं तेज, खाली समुद्र शिशासारखा. शेवटी अंगठी. तिच्यापेक्षा सुंदर काही मी बघितलं नाही. मग फिल्टर लावला. डोळा ठीक आहे. सगळं दिसतंय, हे लिहितोय ते सुद्धा स्वच्छ दिसतंय.

इल्माबाई पायरीवर बसल्यात. पातेलं मांडीवर. दोनदा विचारल्यावर म्हणाल्या, "तिसाव्या सेकंदाला हाणलं मी. मग पुन्हा हाणलं. तीनदा ओरडले तुझ्या कानात. तू म्हणालास, हो कोरली, बघतोय."

मी पातेलं ऐकलं नाही. पातेल्याचा आवाज झालाच नाही. मला फक्त — शांत आवाज होता. माझ्यासारखाच भरवशाचा.

हे नाव मी बाईंना कधी सांगितलं नव्हतं.

गुरुवार, ५ डिसेंबर, सकाळ

उजव्या डोळ्याने — मधलं जातंय. लिहितो तो शब्दच पुसला जातो, कडेचे राहतात. हनुवटी वळवली की दिसतं. तसंच बसून लिहितोय. तिच्यासारखं.

दुखत नाही.

डावा चांगला आहे. डावा झाकला की मधे करडं भोक. तिथे काही दिसायला नको. पण तिथे —

इल्माबाई डॉक्टरला फोन करायला पबमध्ये गेल्यात. लवकर या म्हटलं. सूर्य वर आलाय, खोलीत ऊन आलंय.

भोकात ती आहे. जिकडे बघतो तिकडे मधोमध. सरळ बघते आहे माझ्याकडे. आता हनुवटी वळवत नाही.

कॅमेरा मी आत आणून ठेवला होता. तो आता पूर्वेच्या खिडकीशी उभा आहे. फिल्टर खाली जमिनीवर. मी काढलेला नाही —

ती आकडे मोजते आहे. माझेच आकडे, माझ्याच आवाजात.

उठलो नाही म्हणतोय तरी उभा आहे, डावा डोळा कॅमेऱ्याला. वही हातात आहे, लेन्सवर टेकवून लिहितोय. बाईंना हाक मारतो, आवाज फुटत नाही —

म्हणते, क्लाइव, माझ्याकडे दुसरा डोळा नव्हता. तुझ्याकडे आहे.

लावू का, विचारलं मी. फिल्टर लावू का. ती म्हणते अजून नको, ब