तीन पायऱ्यांच्या घराच्या दारासाठी

मी, बिजागरीवाल्याची एकुलती एक मुलगी, वंशाने गॉब्लिन, वय सत्तावीस, शहराच्या वाचन-कचेरीत मृत्युपत्रे वाचण्याचे काम करणारी, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणीही भाग पाडलेले नसताना, हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. मला कोणताही आजार नाही. आज सकाळी वैद्यबाईंनी तसे लेखी दिले आहे. नाडी जरा जलद चालते असेही त्यांनी त्यात लिहिले आहे आणि ते खरे आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

हे मृत्युपत्र मी मेल्यावर वाचायचे नाही. उद्या सकाळी कचेरी उघडण्याआधी, मी जिवंत असतानाच ते आमच्या घराच्या दाराला वाचून दाखवायचे आहे. अशा वाचनाला संस्थापकांच्या नियमात परवानगी आहे. ती गेल्या साठ वर्षांत कोणी मागितली नव्हती, म्हणून कचेरीचे प्रमुख असलेल्या मोठ्या वाचकांना नियम शोधायला दोन दिवस लागले.

कलम पहिले. दाराविषयी.

मोठे वाचक आम्हाला शिकवत आले आहेत की मृत्युपत्र परक्या गावच्या माणसालाही कळले पाहिजे. म्हणून इथल्या सर्वांना ठाऊक असलेली गोष्टही लिहिते.

हे शहर चाळीस गॉब्लिनांनी वसवले. त्यांना खाणीतून हाकलून दिले होते, आणि ज्याने त्यांच्या लपण्याच्या जागेचे दार शत्रूला उघडून दिले तो त्यांच्यातलाच एक होता. म्हणून त्यांनी ऐकणारी दारे घडवली. असे दार मालकाचे मृत्युपत्र ऐकते आणि त्यात ज्यांची नावे आली त्यांना घरचे मानून त्यांच्या हाकेला उघडते. पाहुणा आला तर घरच्याने त्याला आत घ्यावे, दाराची हरकत नसते. पण जो पूर्वी घरचा होता आणि नव्या मृत्युपत्रातून गळला, त्याच्यासाठी ते उघडत नाही. आतून कोणी धरून ठेवले तरी तो उंबऱ्याशी येताच मिटते. या दारांच्या भरवशावर दूरदूरचे व्यापारी आपला माल इथल्या गोदामांत ठेवतात, आणि आज जी श्रीमंती दिसते, उंच लोकांचे हे तिमजली बंगले दिसतात, ते सारे या एका गोष्टीवर उभे आहे.

संस्थापक मरताना दाराशी तोंडानेच बोलत. पुढे कागद आला आणि दाराला कागद वाचून दाखवणारे लागू लागले. दार फक्त ऐकते. कागदात काय लिहिले होते, वाचणाऱ्याने काय गाळले, आणि ज्याचे मृत्युपत्र आहे तो खरेच मेला आहे की जवळच उभा आहे, यातले त्याला काहीच कळत नाही.

कलम दुसरे. मी केलेल्या गोष्टीविषयी.

आमच्या घराण्यात वाचायला शिकलेली मी पहिली. आई मी दोन वर्षांची असताना गेली. मला आत्याने वाढवले. बाबा बिजागऱ्या ठोकत आणि आत्या त्या कानशीने घासून त्यांची कुरकुर घालवत असे. दुकानावर नाव बाबांचे असले तरी आमची बिजागरी आवाज करत नाही म्हणून जी ख्याती होती, ती आत्याच्या हाताची होती. मी धडा वाचत बसले की ती शेजारी कानस चालवत ऐके आणि मी थांबले की म्हणे, "का ग पंडितीण, संपलं का तुझं ज्ञान?" मला शाळेत घालायचे ठरले तेव्हा भाऊबंदांत पुष्कळ बोलले गेले. आत्याने त्या सर्वांना सांगितले की पोरगी शिकली नाही तर तुमची मृत्युपत्रं परकी माणसंच वाचत राहतील, आणि विषय मिटवला.

मी एकोणीस वर्षांची असताना बाबा गेले. महिनाभर आधी त्यांनी मृत्युपत्र मला सांगितले आणि मी लिहून घेतले. तीन पाने झाली. प्रत्येक पानाखाली त्यांनी नखाची खूण केली. हात कामाचे होते, तेलाचे होते. तेव्हा घरच्याने वाचायला मुभा होती. बाबांची इच्छा होती की आपले मृत्युपत्र आपल्या मुलीने वाचावे, आणि कचेरीनेही त्याच वाचनाला माझी परीक्षा मानायचे ठरवले. अडखळले तर पुन्हा पहिल्यापासून वाचायचे आणि परवाना एक वर्ष पुढे, असा नियम होता.

वाचनाच्या दिवशी गल्ली भरली होती. मोठे वाचक माझ्या मागे उभे होते. पहिले पान "माझे घर मी माझ्या मुलीला देत आहे" येथे संपत होते. मी पान उलटले आणि पुढे वाचले, "तसेच माझी सर्व हत्यारे." वाक्य नीट जुळले. कोणाला काही कळले नाही. मला कळले, कारण ते मीच लिहिले होते. हत्यारे तिसऱ्या पानावर होती. बाबांच्या बोटाच्या तेलाने दुसरे पान तिसऱ्याला चिकटले होते आणि त्या दुसऱ्या पानावर फक्त आत्या होती.

मी थांबू शकत होते. मागे मोठ्या वाचकांचा श्वास ऐकू येत होता. मी वाचत गेले. मनात म्हटले, नंतर बघू. दाराच्या बाबतीत नंतर असे काही नसते, हे तेव्हा मला गल्लीतल्या सर्वांपेक्षा जास्त ठाऊक होते, कारण शिकलेली मी होते.

आणखी एक गोष्ट लिहिणे भाग आहे. त्या आठवड्यात मी आत्यावर रागावले होते. कचेरीतली माणसे घरी आली असताना तिने हसत सांगितले होते की शिकली खरी, पण घरच्या बिजागरीला तेल घालायचं हिच्या लक्षात राहत नाही. सगळे हसले. मी तीन दिवस तिच्याशी बोलले नव्हते. पान उलटताना ते जड लागले होते का, आणि जड लागूनही मी उलटले का, याचे उत्तर मी आठ वर्षे शोधत आहे. मला ते सापडलेले नाही. म्हणून पान चिकटले होते एवढेच सांगून मी सुटू शकत नाही.

जेवणाचे सामान आणायला गेल्यामुळे आत्याने वाचन ऐकले नव्हते; त्याच दुपारी ती बाजारातून आली. नेहमीप्रमाणे दोन्ही हात भरलेले. तिसऱ्या पायरीवर आली आणि दार मिटले. तिने पिशव्या खाली ठेवून हाक मारली, मग एकदा हात लावला, आणि मग ती पायरीवर बसली. संस्थापकांच्या काळी घरांना खिडक्या नव्हत्या, त्या पुढे उंच सुतारांनी पाडल्या आणि त्या काही ऐकत नाहीत. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी पायरीच्या अगदी वर आहे. मी तिला म्हटले, खिडकीतून ये. ती म्हणाली, "माझ्या बापाच्या घरात मी खिडकीतून शिरू? मांजर आहे का मी?" मग मी बाबांनी केलेले तिपायी स्टूल खिडकीतून तिच्याकडे दिले. तिने ते घेतले नाही.

तिने वर न बघता विचारले, "दादाने माझं नाव कुठेच घेतलं नाही?"

मी म्हणाले, "मी कागद वाचला, आत्या."

यात एकही शब्द खोटा नाही. एवढे नीट जुळवून बोलायला मी शाळेत शिकले होते. ती उठली, पिशव्या उचलल्या, आणि गल्लीच्या टोकाला, भट्टीचे भाते विकणाऱ्या भात्यावालीच्या दुकानावरच्या माळ्यावर राहायला गेली. ती आजही तिथेच आहे. ती माझ्याशी बोलते, माझ्या सर्दीची चौकशी करते, मला अजून पंडितीण म्हणते. पण त्या दिवसापासून तिने दादा हा शब्द उच्चारलेला मी ऐकलेला नाही. चूक माझी, आणि तिच्या मनातून उतरले ते बाबा. घर परत देण्याआधी मला त्यांना निर्दोष ठरवायचे आहे. ती सत्तरीच्या पुढे आहे आणि या थंडीत तिला माळ्याचा जिना चढताना दोनदा बसावे लागले. मला आणखी वाट पाहण्याचा अधिकार नाही.

बाबांचे मूळ मृत्युपत्र कचेरीच्या पेटीत आहे. परवा मी ते मोठ्या वाचकांसमोर काढले आणि पाने सुटी केली. दुसऱ्या पानावरचा मजकूर असा आहे, आणि तो उद्या मोठ्याने वाचावा:

"माझ्या बहिणीला हे दार माझ्यापेक्षाही जवळून ओळखते. तिच्या लहानपणी तिच्याच हातची पहिली बिजागरी त्याला बसवली आहे. माडीवरची खोली तिची. घर मुलीचे असले तरी मुलीने बहिणीला विचारून वागावे. आणि बहीण नेहमी हात भरून येते, तेव्हा दाराने तिच्या हाकेची वाट पाहू नये. पावलांवरून उघडावे."

कलम तिसरे. घर.

तीन पायऱ्यांचे घर, माडी, मागची भट्टी आणि पाण्याचा हौद, हे सर्व मी माझ्या आत्याला देत आहे. वरच्या अवतरणातले बाबांचे शब्द या कलमाचाच भाग समजावेत. तिच्यानंतर घर कोणाचे, हे तिने ठरवावे. माझे नाव त्यात असावे अशी अपेक्षा मी ठेवत नाही. हे वाक्य मी तीनदा खोडून पुन्हा लिहिले आहे.

या वाचनानंतर दार मला मेलेली समजेल आणि माझ्यासाठी उघडणार नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. माळ्यावरची खोली रिकामी झाली की भात्यावाली ती मला द्यायला तयार आहे. खोली कशासाठी हवी ते तिला मी सांगितलेले नाही, त्यामुळे माझे लग्न ठरले असा तिचा समज झाला आहे. उद्या तो दूर होईल.

कलम चौथे. हत्यारे.

हातोडे, ऐरण आणि सांडशी आत्याला. लहान कानस मी देत नाही, कारण ती माझी कधीच नव्हती. ती परत करत आहे. आठ वर्षे मी तिला गंज चढू दिला नाही, एवढेच सांगते.

कलम पाचवे. शिडी.

शेजारच्या शिंपीकाकांनी सहा वर्षांपूर्वी आमची शिडी दोन दिवसांसाठी नेली. ते उंच लोकांपैकी आहेत आणि त्यांना शिडी कशाला लागते हे कोडे मला सुटलेले नाही. ती त्यांनाच देऊन टाकावी असे मनात होते. पण ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, आणि साक्षीला ते कबूल झाले आहेत. सबब शिडी त्यांनी आत्याला परत करावी.

कलम सहावे. पुस्तके, बिल्ला आणि शिल्लक.

माझी पुस्तके बिजागरी गल्लीतल्या ज्या मुलीला पहिल्यांदा शाळेत घालतील तिला द्यावीत. पुस्तकांबरोबर तिला एवढे सांगावे की वाचताना चूक झाली तर थांबायचे असते, आणि थांबल्यावर जे हसतात ते दुपारपर्यंत विसरतात.

वाचकाचा बिल्ला मी उद्या कचेरीत जमा करीन. गेल्या आठ वर्षांत प्रत्येक पान उलटण्याआधी मी ते अंगठ्याने चोळून पाहिले आहे. त्यावरून कचेरीत शिक्के मारणाऱ्या मोहोरदारांनी मला जे नाव ठेवले आहे ते मी इथे लिहीत नाही. त्यांना माफ केले आहे. माझ्या हातून दुसऱ्या कोणाचे पान गळलेले नाही अशी माझी खात्री आहे. तरी माझी सर्व वाचने मूळ कागदांशी ताडून पाहावीत, अशी मी विनंती करते.

कचेरीत माझ्या नावे जी काही शिल्लक असेल, तिच्यातून माळ्याच्या जिन्याला कठडा बसवावा. तो आधीच बसवायला हवा होता.

कलम सातवे. व्यवस्था.

या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मी मोठ्या वाचकांना नेमते. वाचन त्यांनी करावे. मी करू नये. आत्याला उद्या सकाळी दाराशी बोलावले आहे, पण कशासाठी ते सांगितलेले नाही. तिच्या तोंडावर सांगायचे धैर्य मला झाले नाही. तो दोषही वरच्या दोषांत धरावा.

आत्या, तू हे ऐकत असशील. त्या दिवशी तू विचारलेस त्याचे उत्तर हो असे आहे. त्यांनी तुझे नाव घेतले होते. पूर्ण पानभर घेतले होते.

वरील मजकूर मी दोनदा वाचून पाहिला. पाने तीन आहेत. एकही चिकटलेले नाही.

लिहून देणारी: बिजागरीवाल्याची मुलगी (सही, आणि घराण्याच्या रीतीप्रमाणे नखाची खूण)

साक्षीदार:
१. शेजारचे शिंपी (सही. शिडी उद्याच आणतो.)
२. वाचन-कचेरीचे मोहोरदार (सही. नाव ठेवल्याबद्दल दिलगीर आहे.)

ठिकाण: बिजागरी गल्लीतील तीन पायऱ्यांचे घर
दिनांक: शहर वसल्यापासूनचे दोनशे बारावे वर्ष, थंडीच्या दुसऱ्या महिन्याची नववी तारीख

वाचनानंतरचा शेरा, मोठ्या वाचकांच्या हातचा:

दहाव्या तारखेस सकाळी वाचन केले. आठ वर्षांपूर्वीच्या वाचनास मी हजर होतो. वाक्य जुळल्यासारखे वाटले म्हणून मीही कागद तपासला नाही, अशी नोंद करतो. बिल्ला जमा करून घेतला आहे. त्याचा निर्णय पुढील बैठकीत होईल, आणि त्या बैठकीत मीही उत्तर द्यायला बसेन.

लाभार्थी बाई गल्लीच्या मध्यावर उभ्या राहून ऐकत होत्या. दुसऱ्या पानाचा मजकूर त्यांनी पुन्हा वाचायला लावला. तो पुन्हा वाचला. त्या म्हणाल्या, "दादा असंच बोलायचा." मग त्या पायऱ्या चढू लागल्या. त्यांनी हाक दिली नाही. त्या दुसऱ्या पायरीवर असतानाच दार उघडले, आणि बिजागरीचा आवाज झाला नाही. लिहून देणारी दारापर्यंत गेली तेव्हा ते मिटले. ती पायरीवर बसली.

वाचनाची नोंद पुरी करायची असल्याने मी थांबलो होतो. मग स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि तिच्यातून एक तिपायी स्टूल बाहेर आले. लाभार्थी बाई म्हणाल्या, "मी अजून बोलणार नाहीये तुझ्याशी. पायरी गार असते. हे घे."

लिहून देणारीने ते घेतले. खिडकी पुन्हा लावून घेण्यात आली नाही.

वाचन पूर्ण.