टोपीवाल्यांच्या शेजारी

५ मे, शनिवार

पोचलो. बोटीतून पाय खाली ठेवतो न ठेवतो तोच वाऱ्याने टोपी पळवली. झाड तर औषधालाही नाही! नुसता खडक, गवत आणि कलकलाट.

मामांच्या खोलीत दोन खाटा, एक स्टोव्ह. दार दोरीने बांधलेलं, नाहीतर वारा घेऊन जाईल. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, या बेटाचे राखणदार. दर शनिवारी बोटीने पक्षी बघणारे हौशी लोक येतात, संध्याकाळी परत जातात. उरलेले सहा दिवस मामा आणि हजारो पक्षी.

"आलास का रे भांडकुदळा?" — हे माझं स्वागत!

७ मे

मामा काही विचारत नाहीत. म्हणून वहीलाच सांगतो. वर्गातली एक मुलगी मला आवडते. वर्गातलाच एकजण तिच्याबद्दल नको ते बोलला. दिली कानाखाली. प्राचार्य म्हणाले, माफी माग. मागितली नाही! दुसऱ्या वर्षातच कॉलेज सोडलं. वाटलं, ती खूश होईल.

"तुला कुणी सांगितलं होतं? माझी भांडणं मला करता येतात. तू पाच मिनिटं शांत बसून दाखव कधीतरी."

तरी मी मनातलं विचारून टाकलंच. ती म्हणाली, "सव्वीसला आमची सहल तुझ्या मामांच्या बेटावर जातेय. तेव्हा सांगते."

म्हणून मी इथे. पक्ष्यांशी मला काय देणंघेणं!

८ मे

इथे डोक्यावर काठी उभी धरून चालायचं. पक्षी जे सगळ्यात उंच दिसेल त्याला चोच मारतात. मी काठी विसरलो. टाळूवर दोन टोचे. पांढरे पक्षी, डोक्यावर काळी टोपी — मामा त्यांना टोपीवाले म्हणतात. माझ्यासारखेच तापट आहेत.

१२ मे, शनिवार

लिहायला मन धजत नाही.

एक कॅमेरेवाला पायवाट सोडून घरट्यांकडे सरकला. माझं डोकं फिरलं. ओरडत त्याच्या अंगावर धावलो. अख्खा उतार एकदम उडाला! अंडी उघडी पडली आणि ती खायला टपून बसलेले सीगल पक्षी तुटून पडले. कॅमेरेवाला कधीच वाटेवर परतला होता.

मामा ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "तो चार पावलं चुकला. तू चाळीस धावलास."

१३ मे

त्या भागात एकच घरटं उरलंय. एक अंडं. मामांनी मला तिथल्या बुटक्या दगडी भिंतीआड बसवलं. माणूस जवळ असला की सीगल फिरकत नाही. पण माणूस हलला की पक्षीण उडते. "राखायचं तर दगड व्हायचं, भाचेराव."

रोज सकाळपासून दुपारपर्यंत मी, पुढे मामा. मुंग्या आल्या. पायाला.

१७ मे

तिच्याशी काय बोलायचं ते मनात घोकत होतो. मध्येच पक्षिणीने चोचीने अंडं फिरवलं, पोटाखाली नीट घेतलं. पुढचं विसरलो.

२२ मे

ती आता माझ्याकडे बघतसुद्धा नाही. (पक्षीण!) मामांनी दुपारचा डबा भिंतीमागून सरकवला. "शेजारीणबाई कशा आहेत?" म्हटलं, मजेत.

२५ मे

अंड्याला बारीक तडा! मामा म्हणतात, उद्या दुपारपर्यंत. उद्याच?

२६ मे, शनिवार

बोट आली. वारा वाढत होता, म्हणून माणसांना तासभरच दिला. पायवाटेवर सहलीची रांग, प्रत्येकाच्या डोक्यावर काठी. तिला चालीवरून ओळखलं. इकडे कवचाला भोक पडलेलं, आतून चोच दिसत होती. पंधरा पावलांवर ती थांबली. मी उठलो असतो तर पक्षीण उडाली असती. सीगल खडकावर होताच.

ओठांवर बोट ठेवलं. तिने काठी धरलेला हात जरा हलवला. उभी राहिली. खूप वेळ. मग भोंगा वाजला.

ती गेली. पिल्लू आलं — ओलं, मळक्या कापसासारखं. एक शब्द बोललो नाही मी.

२७ मे

मामांनी आज सांगितलं. काल बोटीत चढताना ती म्हणाली, "मामा, मी त्याला नाही म्हणायला आले होते." आणि मग म्हणे, "आता राहू दे. ते पिल्लू उडेल तेव्हा येते. तेव्हा पुन्हा विचार म्हणावं."

पिल्लू उडायला चार आठवडे.

बसलोय.