म्हशीवर बातमी होत नाही

प्रिय ऋषिकेश,

'प्रिय' सवयीनं लिहिलं गेलंय, त्याचा फार अर्थ लावू नकोस. फोन केला की तू "ताई, मीटिंगमध्ये आहे" म्हणून ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाच. नाहीतर नागपुरात, बेसाला तुझ्या फ्लॅटवर येईन आणि दारात उभी राहून मोठ्यानं वाचून दाखवीन. मी वर्गात साठ पोरांना शांत बसवते, माझा आवाज तुझ्या सोसायटीला पुरेल.

इकडची खबर म्हणजे म्हैस व्याली, वगार झाली. पाणी अजून टँकरचंच. विहिरीचा वास तसाच आहे, फक्त आता त्याबद्दल कोणी आमच्याशी बोलत नाही. आई पाण्याला गेली की टँकरजवळच्या बायका गप्प होतात. ती भरते, येते, आणि मला म्हणते, "आज गर्दी नव्हती वं." गर्दी असते. मी पाहते ना ओट्यावरून.

तू निवडणुकांची कामं सोडून जनहिताचा सल्लागार झालास तेव्हा हीच आई गल्लीभर पेढे वाटत फिरली होती. "माहा पोरगा आता पुढाऱ्यायचं नाही, लोकायचं काम करते." हिंगण्याच्या शाळेत मीही सगळ्यांना सांगितलं होतं, खोटं कशाला बोलू. म्हणून गावाजवळच्या कंपनीनं घाण पाणी नाल्यात सोडायला सुरुवात केली आणि विहिरीला वास यायला लागला, तेव्हा गावच्या पाणी समितीच्या वंदनाकाकूंनी तुलाच बोलावलं. तू आलास, झपाट्यानं कामाला लागलास. कोणत्या कार्यालयात कोणता अर्ज, कोणत्या साहेबाला कधी गाठायचं, कोणता पत्रकार ऐकून घेतो, हे आम्हाला कुठं ठाऊक होतं? जनसुनावणी तुझ्यामुळं लागली. ते श्रेय तुझं, घे.

मग तुझं ते 'चेहरा' सुरू झालं. मुद्द्याला चेहरा लागतो म्हणालास. मुलगी बघायला आल्यासारखा गावभर फिरलास आणि घरी येऊन आपल्याच आईला पसंत केलंस. फोटोसाठी तिनं निळी साडी काढली होती, बाबांनी दिवाळीच्या बोनसमधून आणलेली. ती तू ठेवायला लावलीस आणि पोछा मारायला काढलेलं विटकं पातळ नेसवलंस. आई कित्येक वर्षांपासून प्लास्टिकच्या बादलीनं पाणी भरते. तू इतवारीच्या बाजारातून पितळेची घागर आणलीस. हसू नको, डोळे खाली ठेव, पदर असा घे. ती सगळं करत गेली, कारण सांगणारा तू होतास.

तिला सांगायचं होतं म्हशीचं. ज्या म्हशीनं जन्मात कोणत्या डबक्याला नाक मुरडलं नाही, ती या पाण्याच्या बादलीत तोंड घालते, फुरफुरते आणि मागे सरकते. शेजारच्या काजलचे हात खाजवून खाजवून सोलले, तेही सांगायचं होतं. एवढंच, पण खरं. तू लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणालास, "आई, म्हशीवर बातमी होत नाही." आणि तिच्या तोंडी वाक्य दिलंस, 'माझ्या धन्याला या पाण्यानं नेलं.' धनी! आईनं आयुष्यात बाबांना धनी म्हटलंय? मेघाचे बाबा म्हणायची ती.

तिनं तुला विचारलं होतं, मी तिथंच भाकरी थापत होते. "पण खर्र्याचं काय रे?" तू म्हणालास, "ते कोण विचारते?" अरे, या नागपूर जिल्ह्यात कोण विचारणार नाही? बाबा शिफ्टवरून उतरले की आधी गोविंदाच्या पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घ्यायचे आणि मग घरी यायचे, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. शेवटी कॅन्सरनं त्यांचं तोंड उघडेना, तेव्हा पातळ वरण चमच्यानं तूही भरवलंस. मोठमोठ्या लोकांची मनं ओळखणारा तू, तुला आपलं गाव आठवलं नाही. तुला वाटलं, बाहेरचे ऐकतील तेच खरं.

सुनावणीत कंपनीच्या माणसानं काही वाद घातला नाही. गोड आवाजात विचारलं, "काकू, रुपरावजी खर्रा खात होते ना?" लगेच मागून गोविंदा उठला, बिचाऱ्याला वाटलं मित्राची आठवण निघाली. "खात होते म्हंजे? माह्याच ठेल्यावरचा, साहेब!" सगळा हॉल हसला. आपलीच माणसं हसली, ऋषिकेश. मग सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी आईला विचारलं, हे बोलायला तुम्हाला कोणी सांगितलं? आईनं मान वळवून तुला शोधलं. तू दाराशी होतास. तिची नजर तुझ्यापर्यंत पोचली हे मी पाहिलं, आणि तू खिशातून फोन काढलास हेही पाहिलं. ती म्हणाली, "कोणी नाही साहेब. मीच माह्या मनानं बोलली."

त्यानंतर म्हैस कोणी ऐकली नाही, काजलचे हात कोणी पाहिले नाहीत. पेपरात आलं, 'गावाचा बनाव उघड'. गोविंदा रात्र न् दिवस रडत होता, घरी येऊन आईच्या पाया पडला. तू आला नाहीस. तुझ्या वेबसाइटवर मात्र आईचा घागरवाला फोटो अजून आहे, 'आमचं काम' म्हणून. मला तुझी इतकी चीड येते की तुझ्या लहानपणीच्या फोटोकडंही बघवत नाही.

आता हे पत्र का, ते ऐक. समितीनं तुझ्याशिवाय खेटे घातले, कॅनमध्ये पाणी भरून साहेबांच्या टेबलावर ठेवलं, आणि सुनावणी पुन्हा लागली आहे, येत्या मंगळवारी. वंदनाकाकू म्हणाल्या, सिंधूताईंना या वेळी राहू द्या. आई हटून बसली. निळी साडी नेसणार आहे आणि म्हशीचं सांगणार आहे. पण कंपनीवाले आधी मागचंच काढतील, आणि ती खोटारडी ठरली की गावाचं पाणी दुसऱ्यांदा बुडेल. हे तिलाही कळतं. तरी काल लसूण सोलता सोलता तिनं मला तुला पत्र लिहायला सांगितलं. काय लिहू म्हटलं, तर म्हणाली, "त्याले मंगळवारी येऊ नको म्हणा. लोकं त्याले बोलतीन, त्याच्या कामाले बट्टा लागीन. कोणी इचारलं तं मी सांगीन, मीच बोलली होती. अन् टायमावर जेवत जा म्हणा." निरोप जसाच्या तसा दिला. आता माझं ऐक. मंगळवारी ये. तिच्या आधी उभा राहा आणि ते वाक्य कोणाचं होतं ते आपल्या तोंडानं सांग. नाही आलास तर मी सांगीन, तिच्यासमोर सांगीन, मग तिनं माझ्याशी जन्मभर बोलणं टाकलं तरी चालेल.

तुझीच, काय करणार,
मेघाताई