केळव्याला गाडी कुठे लावायची

अण्णा, गेल्या रविवारी आईला समुद्रावर घेऊन गेले. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, पण गोष्ट त्याहून जुनी आहे आणि ती तुम्हालाच माहीत आहे, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. आई आता माझ्याकडे पालघरला असते. गेल्या वर्षी पडली, मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरते. शनिवारी मी कणीक मळत होते, ती ओट्याजवळच्या खुर्चीत मेथी निवडत होती आणि मान वर न करता म्हणाली, "उद्या मला समुद्रावर ने." मला वाटलं, ऐकण्यात काही चुकलं. समुद्र इथून पाऊण तासावरसुद्धा नाही आणि ती पस्तीस-छत्तीस वर्षांत तिकडे फिरकलेली नाही. मी विचारलं, "कुठल्या समुद्रावर?" तर म्हणाली, "जिथं गाडी जवळ जाती तिथं."

मग मी समुद्र निवडत बसले, जसे तुम्ही शनिवारी संध्याकाळी बसायचात. तुमचं बघणं वेगळं होतं. तुम्ही साताऱ्याकडचे, कारखान्यातल्या नोकरीसाठी बोईसरला येईपर्यंत समुद्र पाहिलेला नाही, पण दोन-तीन वर्षांत तिथी बघून भरती-ओहोटी सांगायला लागला होतात. वेळ कमी असला की चिंचणी, एकांत हवा असला की नांदगाव आणि गावाकडचं कोणी आलं किंवा मन प्रसन्न असलं की केळवं, लांब असलं तरी. मला भरतीचं काही पडलं नव्हतं. गाडीच्या दारापासून वाळूपर्यंत किती पावलं, एवढंच बघायचं होतं. कोळगावला माझं ऑफिस आहे, तिथल्या दोघांना फोन केले. एक म्हणाला, चिंचणीचा रस्ता खणून ठेवलाय. दुसरा सातपाटीचाच, तो म्हणाला, आमच्याकडं बोटी आणि सुकत घातलेली मासळी, आजीला बसवणार कुठे? त्यानंच सांगितलं, केळव्याला गाडी थेट किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांपर्यंत जाते, पण रविवारी सकाळी दहाच्या आत पोचलात तर, नाही तर मुंबईवाले सगळं अडवून बसतात. ठरलं ते केळवं.

तुम्ही कधीच गाडी जवळ लावत नव्हता. खाऱ्या वाऱ्यानं पत्रा खातो म्हणून केळव्याच्या अलीकडे एका वाडीत, पोफळींच्या सावलीत स्कूटर उभी करायची, फडक्यानं पुसायची, वाडीतल्या मावशींना "लक्ष ठेवा" म्हणायचं आणि तिथून चालत जायचं. मावशी दर वेळी तेच म्हणायच्या, "ठेवा, ठेवा. इथून कोण नाय नेत." तुम्ही पुढे, मी तुमच्या मागे पळत आणि आई डबा नि पाण्याची बाटली घेऊन सगळ्यांच्या मागे. आई तेव्हा औषधाच्या गोळ्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. फिरत्या पट्ट्यासमोर आठ तास उभं राहायचं, सहा दिवस. तुम्ही स्टोअरमध्ये, खुर्ची-टेबलावर. हा फरक मला खूप उशिरा दिसला. तुम्हाला दिसला होता की नाही, ते मला माहीत नाही.

त्या रविवारी मी नऊ वर्षांची आहे आणि स्कूटरवर पुढे, तुमच्या दोन हातांच्या मध्ये उभी आहे. केळव्याच्या अलीकडचं माहीम गाव मागे गेलं आहे, नारळीच्या बागा लागल्या आहेत. आई मागून म्हणते, "आज जरा जवळ लावा की. माझे पाय चालायचे नाहीत." तुम्ही स्कूटर हळू करता, मागून काही येत नाही ना ते पाहता आणि वळवता. मला आधी कळतच नाही. त्याच बागा उलट्या बाजूनं दिसायला लागतात तेव्हा मी विचारते, "अण्णा, समुद्र?" तुम्ही म्हणता, "आईला यायचं नाहीये." घरी आल्यावर आईनं समुद्रासाठी बांधलेला डबा स्वयंपाकघरात उघडला आणि दशम्या, शेंगदाण्याची चटणी आपल्या ताटांत वाढली. तुम्ही चटणी पुन्हा मागून घेतलीत. पुढच्या रविवारी तिनं डबा दोघांचाच केला. "तुम्ही दोघं जा, मला कामं आहेत," म्हणाली. मग प्रत्येक रविवारी हेच म्हणाली. आईला समुद्र आवडत नाही, असं आपल्या घरात ठरून गेलं. माझ्या लग्नात सासरच्यांनासुद्धा आपण तसंच सांगितलं.

आता, गेल्या रविवारी, निघायला उशीर झाला. आईला कुठलं पातळ नेसायचं ते ठरेना. केळव्यात शिरलो तेव्हा साडेदहा होऊन गेले होते आणि गाड्या दोन्ही बाजूंनी अशा लागल्या होत्या की मधून एक सायकल जाईल. वाड्यांच्या फाटकांवर आता पार्किंगच्या पाट्या आहेत. पुढे दोरी बांधलेली, शिट्टी घेतलेला एक माणूस उभा. "पुढं फुल्ल हाय, ताई. वाडीत लावा." बाजूच्या फाटकातून एका बाईनं हात केला, "आत घ्या ना. सावली हाय चांगली."

"इथून चालायला किती?"

"दहा मिनटं. जास्त नाय."

मी शिट्टीवाल्याला म्हटलं, "आईला चालता येत नाही हो. मला पुढेच जायला पाहिजे." मागून एक गाडी हॉर्न देत होती. त्यानं वाकून आत पाहिलं. आई समोर बघत ताठ बसली होती, मांडीवर पर्स, जशी कुठल्या मोठ्या साहेबाच्या केबिनबाहेर बसावी. त्यानं दोरी सोडली. "आजीला आणलंय, मग जा. पण वळवून लावा, निघताना तरास होईल नायतर." मी वळवून लावली नाही. सुरूंच्या कडेला एक जीप निघत होती, त्या जागेत गाडी सरळ घातली, तोंड समुद्राकडे. वाळू तीस-चाळीस पावलांवर. ओहोटी होती. घोडा फिरत होता, मुलं चेंडू खेळत होती, पाणी त्या सगळ्यांच्या पलीकडे.

मी डिकीतून वॉकर काढला, तिच्या बाजूचं दार उघडलं. ती म्हणाली, "राहू दे."

"अगं, इतकं जवळ आलोय."

"दिसतोय की इथनं."

मी वॉकर हातात धरून उभीच राहिले. मग विचारलं, "इतकी वर्षं पायांमुळेच आली नाहीस ना?"

"पाय कसले," ती म्हणाली. "सहा दिवस उभी राहणारी बाई मी. सातव्या दिवशी दहा मिनिटं चालवलं नसतं होय? त्यांनी नुसतं मागं वळून विचारलं असतं ना, काय झालं म्हणून, तरी चालले असते." हे तिनं रागानं म्हटलं नाही. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं, तसं म्हटलं. मग मला चहा आणायला सांगितला. मी आणला. तासभर आम्ही गाडीत बसलो, ती पुढच्या काचेतून बघत राहिली. एकदा म्हणाली, "पाणी पुष्कळ आत गेलंय." निघताना गाडी वळवायला जागा नव्हती, पाच-सहा जणांनी मागे-पुढे करून काढून दिली.

तुमच्यावर ठपका ठेवायला हे लिहीत नाही. तुम्ही वाईट नव्हता. रविवारच्या ओस पडलेल्या कारखान्यांच्या रस्त्यांवर मला स्कूटर शिकवलीत ती तुम्हीच, आणि मी पडले तेव्हा आधी मला उचललंत, मग स्कूटरला. तुम्हाला चालायला आवडायचं आणि आपल्याला आवडतं ते सगळ्यांना आवडतं, असं तुम्ही धरून चालायचात. एवढंच. तिनं तुम्हाला काही सांगितलं नाही, तुम्ही विचारलं नाही आणि दोघांची हयात त्यात गेली.

पण त्या दिवशी तुमच्या दोन हातांच्या मध्ये मी होते. आई काय म्हणाली ते मला स्पष्ट ऐकू आलं होतं. "आईला यायचं नाहीये" हे खरं नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. पुढच्या रविवारी तिनं दोघांचा डबा हातात दिला, तेव्हा मी एकदाही "तू पण चल" म्हटलं नाही. मागची सीट मला मिळाली होती. तुमच्या पाठीला गाल लावून, खांद्यावरून पुढचा रस्ता बघत मी समुद्रापर्यंत जायचे आणि ती बरोबर नाही, याचं मला बरं वाटायचं.

हे खरं तर तिला सांगायला पाहिजे. ती आतल्या खोलीत आहे, जागी आहे, हाक मारली तर ओ देईल. म्हणून तुम्हाला लिहिते आहे.