माझ्या स्टुलावर बसलेला

ती. मामांस, पायांवर डोकं ठेवून (डोकं अजून जड आहे, तेव्हा बेतानं) नमस्कार.

पोचल्या पोचल्या पत्र टाकतो म्हणालो होतो, आणि ते आजवर नुसतं लांबणीवरच टाकत आलो. रोज पेन शोधायला उठायचो, तर खाली रस्त्यावर कुणाचं तरी भांडण जुंपलेलं. अर्धवट सोडून कसं यायचं? तुमची कंबर, मामींचे गुडघे, मागल्या खोलीतलं ते कुरकुरणारं कपाट, सगळे ठीक असतील. मी त्या खोलीत तापानं फणफणत होतो तेव्हा तुम्ही अगदी वकिली थाटात म्हणाला होतात, आजारी पडला म्हणून माणसाला असं कुणी कामावरून काढू शकत नाही. नोटीस लागते, त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. मामा, कायदा बरोबर आहे. आमच्या कारखान्यालाच तो लागू पडेना.

दुकानांच्या काचेत कपडे घालून उभे असतात ते पुतळे आम्ही करतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. (मी भुवया रंगवतो. आधी बोटं घासायचो. बोटांत मान नाही.) आमच्याकडे रिकामं स्टूल ठेवत नाहीत. शेठ म्हणतात, एक स्टूल रिकामं दिसलं की बाकीच्यांचे हात थंडावतात. म्हणून जो गैरहजर, त्याचा एप्रन चढवून एक पुतळा बसवायचा. आम्ही त्याची थट्टा करतो, चहा विचारतो. मी बरा होऊन गेलो, तर माझ्या स्टुलावर तो. हातातला ब्रश ओला. समोर वाळत ठेवलेली मुंडकी, आणि प्रत्येकाची डावी भुवई जराशी वर (ही खोड माझी!). मुकादम म्हणाला, "जागा कुठाय बाबा? आणि हा खोकत नाही."

कामगार कचेरीतल्या बाई भल्या. डॉक्टरांचा दाखला पाहून म्हणाल्या, परत घ्यावंच लागेल. शेठना बोलावलं. शेठ म्हणाले, "काढलंय कुणाला? तो कामावर आहे की!" मग बाईंनी कचेरीतल्या तपासनीस साहेबांना बघायला पाठवलं. साहेब घाम पुसत परतले. "आहे हो, बसलाय. मी नमस्कार केला, त्यानं मान हलवली." बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मग तुम्ही कोण?" इतक्या मायेनं विचारलं मामा, की मीही जरा विचारात पडलो.

बाकी मजेत.

ता. क. खरं काम राहिलंच. काळा कोट घालून एकदा या. आजारपणात मी तुमच्याकडे होतो, आणि मी तो मीच, एवढं बाईंसमोर सांगा. नाहीतर प्रकरण बंद होतंय आणि जागा कायमची त्याची.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवत होतो, तर दार वाजलं. शेठ आलेत! अंगात ताप, पायांत चपला नाहीत. आजारी पडून घरी होते म्हणे, आज कारखान्यात गेले, तर मुकादमानं दारातच अडवलं, "शेठ आत बसलेत. आपण कोण?" आता माझ्या खाटेवर बसून विचारताहेत, तुझे मामा मालकांचीही केस घेतात का. मी म्हटलं, अहो, मुकादमाला चांगलं दरडावायचं! तर हळूच म्हणाले, "दरडावलं रे. बराच वेळ. त्याची पापणी एकदाही लवली नाही."