मागून ओळ उचलली नाही

बाबा, रविवारी दुपारी आपल्या भजनी मंडळाच्या सरावाला मी पहिल्यांदा कानातले मॉनिटर घालून गायलो. स्वतःचा आवाज कळावा म्हणून पूर्वी बुवासमोर तिरका स्पीकर ठेवायचे ना, तोच आता शेंगदाण्याएवढा होऊन कानात जातो. कमरेला कुर्त्याखाली एक डबी, तिच्यातून निघालेली वायर कानामागून वळसा घेऊन पुढे. टोकाला रबराची बोंडं, तीन मापांची. माझ्या डाव्या कानाला मधलं बसलं, उजव्याला मोठं लागलं. माप चुकलं होतं तोवर पखवाज पत्र्याच्या डब्यासारखा वाजत होता आणि मी वैतागून ते काढूनच ठेवणार होतो. साउंडवाला म्हणाला, "बुवा, कान जरा वरती खेचा ना, मग आत सारा. लगेच कशाला चिडता!" तसं केलं आणि हॉल एकदम बंद झाला. पंखा गेला, रिक्षांचे हॉर्न गेले. मी आवंढा गिळला तोही मला मोठ्याने ऐकू आला. मग पखवाजावर थाप पडली ती थेट छातीत. पेटीचा भाता आत हवा ओढतो तेव्हा बारीकसा उसासा टाकतो, हे एवढ्या वर्षांत मला माहीत नव्हतं. झकास वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग गजर सुरू केला. मी ओळ सोडली आणि मागून कोणी उचललीच नाही. वळून बघतो तर आठही जण जीव तोडून गात होते, माना हलत होत्या, पण माझ्यापर्यंत काही पोचत नव्हतं. कोरसला माइक नाही, त्यामुळे कानात फक्त मी, पेटी, पखवाज आणि झांज. डबलबारीच्या सामन्यात समोर दुसरा बुवा बसलेला असतो, तो वरचढ होऊ बघतो, आणि आपल्याला धीर असतो तो पाठीमागच्या माणसांचा. माझी पाठ रविवारी उघडी पडली. भर हॉलमध्ये, स्वतःच्या माणसांच्या पुढ्यात बसून, मला फार एकटं वाटलं.

माझ्या मागे डावीकडे तुमची जागा असायची. तुम्ही सगळ्यांत मोठ्याने गायचात आणि सुरापासून जरा खाली. गिरणीत साचेखात्यात एवढी वर्षं यंत्रांच्या धडधडाटात उभं राहून तुमचे कान गेले होते, स्वतःचा आवाज तुम्हाला कळायचा नाही, हे मला ठाऊक होतं. तरी घाटकोपरच्या त्या बारीच्या आधी, चहा पिता पिता, मी तुम्हाला बाजूला घेतलं. म्हटलं, "बाबा, आज तुम्ही नुसती झांज वाजवा. गाऊ नका." एरवी मला 'काय रे' म्हणून हाक मारणारे तुम्ही, कप खाली ठेवून म्हणालात, "बरां बुवा. तुमी सांगशात तसां." बारीला बसल्यावर बुवाचा शब्द बापानेही मोडायचा नाही, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. त्या दिवशी बारी चांगली झाली. लोकांनी कौतुक केलं.

मी एका दिवसापुरतं बोललो होतो, बाबा. तुम्ही ते जन्मभरासाठी घेतलंत. पुढच्या प्रत्येक बारीला तुम्ही ओठ मिटून झांज वाजवलीत. चेंबूरच्या आपल्या घरात गणपतीच्या आरतीलाही टाळ्या तेवढ्या वाजवायचात. आईने विचारलं तेव्हा म्हणालात, "घसो बसलो हा." मी तिथेच कापूर लावत होतो, तो लावत राहिलो. मला वाटायचं, तुम्ही 'गाऊ का' म्हणून विचाराल आणि मग मी हो म्हणेन. तुम्ही बहुतेक बुवाने सांगायची वाट बघत राहिलात. अशी नऊ वर्षं गेली आणि मग तुम्हीच गेलात. तेराव्याला मंडळातल्या एकाने विचारलं, बाबांनी गाणं का सोडलं रे? मी म्हटलं, घशाचा त्रास होता. आजही सगळे तेच धरून चालतात.

रविवारी मी एका कानातलं काढलं. मागचा कोरस लोंढ्यासारखा आत आला. तुमच्या जागेवर आता आपल्या गावचे एक म्हातारे काका बसतात. तेही मोठ्याने गातात आणि सुरापासून खालीच. पहिल्या ओळीला माझे डोळे भरून आले. दुसऱ्या ओळीला मी दात आवळले होते. तीच जुनी चीड, बाबा, जशीच्या तशी. साउंडवाल्याने विचारलं, "बुवा, कोरसला एक माइक लावू? तुमच्या कानात देतो." मी म्हटलं, "नको यार, असंच बरं आहे," आणि काढलेलं परत कानात घातलं. पुढचं सगळं गाणं सुरात झालं.

माफी मागायची म्हणून आज कागद घेऊन बसलो. तुमच्या फोटोमागे ठेवायचा विचार होता, पण तो सोडून दिला. कारण रविवारी त्या काकांच्या जागी तुम्ही असता, तरी मी माइकला नकोच म्हटलं असतं.